सातबाऱ्याची जोडणी आणि गळणारी नावे

सातबारा हा शब्द आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतो. पण तो मुळात एक कागद नसून दोन नमुन्यांची जोडणी आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावे आहे त्याची नोंद, आणि गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात काय पिकते त्याची नोंद. दोहोंवर भूमापन क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून दोन्ही एकत्र मांडले की झाला सातबारा. संगणकवाले याच क्रियेला ‘जॉईन’ म्हणतात. आपल्या तलाठ्यांनी ती संगणक येण्याच्या कितीतरी आधी चालविली होती.

हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याचे कारण चिरनेर. उरण तालुक्यातील, पनवेलच्या बाजूचे हे गाव २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे इतिहासात गेले. २०२४ साली अटल सेतू खुला झाला आणि त्याच वर्षी शासनाने उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नवनगर प्राधिकरण नेमले. नियोजित शहराला नाव आले कर्नाळा-साई-चिरनेर. अशा पट्ट्यात ज्यांची वडिलार्जित जागा आहे, मग तिच्यावर भातशेती असो, गॅरेज असो की लाकडाची वखार, त्यांच्या दृष्टीने कागदावर नाव असणे आणि नसणे यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि मोठ्या याद्या हल्ली संगणकावर नोंदी जोडूनच निघतात.

या जोडणीची भाषा म्हणजे एसक्यूएल. आयबीएम कंपनीतील गणितज्ञ कॉड यांनी १९७० साली माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवून गरजेप्रमाणे जोडण्याची कल्पना मांडली. त्याच कंपनीत चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ मध्ये तिला भाषेचे रूप दिले. इतिहास इतका पुरे.

आता उदाहरण घेऊ. समजा, एका मरहूम खातेदाराच्या मागे बेवा, दोन मुलगे व दोन मुली आहेत. गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही, तिच्यात पाचही नावे आहेत. परंतु ८-अ च्या खात्यावर फक्त दोन मुलग्यांची नावे चढली. हे दोन तक्ते ‘इनर जॉईन’ने जोडले, तर दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच तेवढ्या येतात. म्हणजे उत्तर दोन. बेवा आणि मुली यादीतून गळाल्या. संगणक कुरकुर करीत नाही, चूक दाखवीत नाही. यादी सुबक छापून देतो. मुलींचा हिस्सा ज्या समाजात कुराणाने ठरवून दिला आहे, त्या समाजाला ही गोष्ट किरकोळ वाटू नये.

याऐवजी वारसांचा तक्ता डावीकडे ठेवून ‘लेफ्ट जॉईन’ केला, तर पाचही ओळी येतात आणि तिघींपुढे खात्याचा रकाना रिकामा राहतो. या रिकामेपणाला ‘नल’ म्हणतात. फक्त त्याच ओळी काढायच्या तर अट ‘इज नल’ अशी घालावी लागते. ‘बरोबर नल’ असे लिहिले तर एकही ओळ हाती लागत नाही, आणि नवशिक्याला वाटते की सगळे आलबेल आहे!

जोडणी कशावरून करायची, हा याहून अवघड प्रश्न. नावावरून केली तर आपल्या लोकांची हमखास पंचाईत. एकाच माणसाचे नाव एका कागदावर महंमद, दुसऱ्यावर मोहम्मद, तिसऱ्यावर नुसते ‘म.’, शेख कधी आधी, कधी शेवटी. माणसाला कळते, संगणकाला ही तीन माणसे वाटतात. म्हणून जोडणी क्रमांकावर हवी. पण नुसता भूमापन क्रमांकही पुरत नाही. ४५ क्रमांक चिरनेरमध्ये असेल तसा शेजारच्या गावातही असणार. गावाचा सांकेतांक, क्रमांक आणि हिस्सा तिन्ही जुळले पाहिजेत, नाहीतर चिरनेरची जमीन भलत्याच गावच्या खातेदाराला चिकटायची.

याच्या उलट दोषही होतो. एका क्रमांकावर तीन खातेदार आणि चार पिके असतील, तर तिन्ही तक्ते एकदम जोडल्यावर बारा ओळी होतात. त्या ओळींपुढील क्षेत्राची बेरीज केली की एक एकराची बारा एकर जमीन झालीच म्हणून समजा. आधी पिकांची बेरीज वेगळी करावी, मग जोडावे.

जमीन नसलेल्या दुकानदारालाही यातून सुटका नाही. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की, पुरवठादाराने आपले बिल जीएसटीच्या विवरणात दाखविले आणि ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरले, तरच त्यावरील कराची वजावट मिळते. (कंपोझिशन योजनेतील कारागिरांना वजावटच नसल्याने हा ताप नाही.) हे मिळते का ते पाहणे म्हणजे पुन्हा लेफ्ट जॉईन: डावीकडे आपली खरेदी वही, उजवीकडे २बी, आणि जोड पुरवठादाराचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक व बिल क्रमांक यांची. एकीकडे ‘००४५’ आणि दुसरीकडे ‘४५’ असेल तरी जोड तुटतो. तेवढे आधी साफ करून घ्यावे. हिशेब ठेवणाऱ्या मुलाकडे जुळलेल्या बिलांची यादी मागू नका, न जुळलेल्यांची मागा. २बी दरमहा १४ तारखेला तयार होते. त्यात जे बिल राहिले, ते पुरवठादाराने भरल्यावर लवकरात लवकर पुढच्या महिन्यात येणार, आणि तोवर तेवढा कर दुकानदाराच्या गल्ल्यातून जाणार.