जिभेची रुची व शरीराची गरज

जो पदार्थ जिभेला रुचतो, तो प्रकृतीला मानवतोच असे नाही. एकोणिसाव्या शतकात जपानच्या आरमाराला याचा प्रत्यय आला.

त्या काळी पुष्कळ सडून पांढराशुभ्र केलेल्या तांदळाचा भात हे जपानात सुखवस्तू घरचे अन्न मानीत. आरमारात भरती झालेल्या गरीब घरच्या तरुणांना तो रोज पोटभर मिळू लागला. मग इतर पदार्थ त्यांना नकोसे होत. परंतु पुढे या धडधाकट तरुणांच्या पायांतील शक्ती जाई, अंगाला सूज येई आणि हृदय दुर्बल होऊन कित्येक जण दगावत. या रोगास बेरीबेरी म्हणतात. १८८३ साली लांबच्या सफरीहून परतलेल्या ‘र्‍युजो’ या जहाजावरील २५ खलाशी त्याला बळी पडले होते.

आरमारातील डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांना आहाराविषयी शंका आली. १८८४ साली ‘त्सुकुबा’ हे जहाज त्याच मार्गाने निघाले, तेव्हा त्यांनी खलाशांच्या जेवणात मांस व आटवलेले दूध यांची भर घातली. या सफरीत बेरीबेरीने एकही खलाशी दगावला नाही. जे थोडे आजारी पडले, त्यांनी बहुधा हे नवे अन्न नावडते म्हणून टाळले होते.

तांदळाच्या कोंड्यात ब-१ हे जीवनसत्त्व असते आणि सडताना कोंड्याबरोबर ते निघून जाते, हे खरे कारण पुढे उमगले.

आवड ही पुष्कळशी सवयीने घडते. आज नकोशी वाटणारी भाजी थोडी थोडी खात गेल्यास उद्या रुचू लागते. म्हणून ताटात काय असावे, हे एकट्या जिभेला ठरवू देऊ नये.