पाऊस, धुके आणि नदीची पातळी : हिवाळी अंदाज कसा वाचावा?

जानेवारी महिन्यात उत्तर भारतासाठी दिलेला हवामानाचा अंदाज साधारणपणे असा असतो : ‘पश्चिमी प्रक्षोभामुळे काश्मीर व हिमाचल प्रदेशात बर्फवृष्टी, पंजाब, हरियाणा व दिल्लीत काही ठिकाणी हलका पाऊस. त्यानंतरचे दोन-तीन दिवस पहाटे दाट ते अतिदाट धुके. नद्यांची पातळी इशारा-पातळीच्या खाली.’ वरवर पाहता पाऊस, धुके आणि नदी ही तीन वेगळी वृत्ते वाटतात. प्रत्यक्षात ती एकाच साखळीतील तीन कड्या आहेत. ही साखळी समजली की अंदाजातील प्रत्येक शब्दाला अर्थ येतो.

पाहुणा पश्चिमेचा

उत्तर भारतातील हिवाळी पावसाचा मोसमी वाऱ्यांशी संबंध नसतो. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे वातावरणाच्या वरच्या थरांतील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करीत आपल्याकडे येतात. यांनाच पश्चिमी प्रक्षोभ म्हणतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा प्रक्षोभ येतात. त्यांतले सगळेच जोरदार नसतात. वाटेत कॅस्पियन समुद्र, इराणचे आखात, अरबी समुद्र यांच्याकडून त्यांना बाष्प मिळते. हिमालयाशी गाठ पडताच हवा वर चढते, थंड होते, आणि डोंगरावर बर्फ व मैदानात पाऊस पडतो.

आपल्याकडे मावठा म्हटला की द्राक्षबागाईतदाराच्या पोटात गोळा येतो. पंजाबातील गव्हाच्या शेतकऱ्याला मात्र हाच हलका हिवाळी पाऊस हवा असतो. प्रक्षोभ पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे, थंड वारे वाहू लागतात. त्यांतले काही थेट महाराष्ट्रापर्यंत पोहोचतात आणि निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधतो. अंदाजातील ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ ‘थोडा पाऊस’ असा नाही. त्या विभागातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रांवर. किती मिलिमीटर पडेल ते ‘हलका’, ‘मध्यम’, ‘जोरदार’ या शब्दांनी सांगितले जाते. तेव्हा तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस पडू शकतो. त्यात विसंगती काहीच नाही.

पावसानंतर धुके का?

पाऊस थांबला, आकाश निरभ्र झाले, आणि दुसऱ्याच पहाटे धुके दाटले, असे का व्हावे? जमीन रात्रभर उष्णता प्रारणाने बाहेर टाकीत असते. ढग असले तर ते त्यातील बरीच उष्णता परत जमिनीकडे पाठवतात, पांघरुणासारखे. आकाश मोकळे झाले की पांघरूण निघते. जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते, आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. थंड, जड हवा खाली आणि हलकी वर, अशी स्थिती असल्याने दोन्ही मिसळत नाहीत. त्यात जमीन आदल्या दिवशीच्या पावसाने ओली असते, गव्हाच्या शेतांना पाणी दिलेले असते, रात्र लांब असते आणि वारा पडलेला असतो.

आता थोडे गणित करू. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प असते. ५ अंशांना हवेत ६.८ ग्रॅमच मावते. उरलेल्या २.६ ग्रॅमचे पाणी होते. त्यातले बरेचसे दव म्हणून गवतावर बसते. घनमीटरमागे ०.२ ग्रॅम पाणी हवेत तरंगत राहिले तरी चांगले दाट धुके होते. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच वर्गात एवढे धुके भरले, तर त्यात पाणी किती? फक्त ३० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे!

एवढ्याशा पाण्याने समोरचा रस्ता कसा नाहीसा होतो? याचे उत्तर थेंबांच्या आकारात आहे. धुक्याच्या थेंबाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा धरला, तर ०.२ ग्रॅम पाण्याचे सुमारे अडतीस कोटी थेंब होतात. पाणी तेवढेच, पण प्रकाश अडवणारे एकूण क्षेत्रफळ फार मोठे. हिशेब केला तर अशा धुक्यात साधारण ६५ मीटरपर्यंतच दिसते. हेच पाणी एक मिलिमीटर व्यासाच्या पावसाच्या थेंबांत असते, तर शंभरपट लांबचे, म्हणजे साडेसहा किलोमीटरवरचे दिसले असते. हवेत धूर आणि धूळ अधिक असली की बाष्पाला साकळायला कण जास्त मिळतात, थेंब आणखी बारीक आणि संख्येने जास्त होतात, आणि दृश्यमानता आणखी घटते.

दृश्यमानता एक किलोमीटरपेक्षा कमी झाली की हवामानशास्त्रात त्याला धुके म्हणतात. २०० ते ५० मीटर असेल तर ‘दाट’ आणि ५० मीटरपेक्षा कमी असेल तर ‘अतिदाट’. या आकड्यांना जिवाचे मोल आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर तेवढ्यात ३३ मीटर संपतात. ओल्या रस्त्यावर थांबायला पुढे आणखी पन्नासेक मीटर लागतात. दिसते ५० मीटर आणि थांबायला हवेत ८० मीटर! वेग ४० वर आणला तर ३० मीटर पुरतात.

धुक्याचा अंदाज मात्र फार अवघड. वारा अगदीच नसेल तर नुसते दव पडते; वारा थोडा वाढला तर धुके विरते; रात्री वर पातळ ढग आले तरी सारा हिशेब बिघडतो. म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने भारतीय हवामान विभागाच्या साथीने २०१५-१६च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याच्या प्रत्यक्ष नोंदी घेण्याचा प्रकल्प सुरू केला.

नदी उशिरा बोलते

आता तिसरी कडी. जानेवारीत काश्मीरवर जोरदार प्रक्षोभ आला तरी झेलमची पातळी सहसा फारशी वाढत नाही. कारण पाणी बर्फाच्या रूपाने डोंगरावर साठून राहते आणि उन्हाळ्यात हळूहळू खाली येते. तसाच प्रक्षोभ मार्चच्या अखेरीस आला तर? तापमान वाढलेले असल्याने खालच्या उतारांवर बर्फाऐवजी पाऊस पडतो, तो साठलेल्या बर्फावरून वाहतो, आणि नदी एकदम फुगते. मार्च २०१५च्या अखेरीस झेलमला पूर आला तो असाच. सप्टेंबर २०१४च्या महापुराला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते.

अशा वेळी वरच्या बाजूचे मापनकेंद्र उपयोगी पडते. अनंतनाग जिल्ह्यातील संगम येथे वाढलेले पाणी श्रीनगरला पोहोचायला काही तास लागतात. तेवढेच तास लोकांना सामान आणि माणसे हलवायला मिळतात.

पातळीचा आकडा वाचतानाही सावध असावे. दिल्लीतील जुन्या रेल्वे पुलाजवळ यमुनेची धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे. हे ऐकून नदी दोनशे मीटर खोल आहे असे विद्यार्थ्यांना वाटते! हा आकडा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आहे. १३ जुलै २०२३ रोजी, ऐन पावसाळ्यात, यमुना तेथे २०८.६६ मीटरवर गेली. म्हणजे धोक्याच्या पातळीपेक्षा ३.३३ मीटर वर. श्रीनगरला मात्र पातळी मोजपट्टीवरील फुटांत सांगतात. तेव्हा दोन नद्यांचे आकडे एकमेकांशी न ताडता प्रत्येक आकडा त्या-त्या ठिकाणच्या धोक्याच्या पातळीशी ताडावा.

शाळेत करून पाहा

शाळेच्या गच्चीवरून दिसणारी पाच ठिकाणे निवडा : झाड, पाण्याची टाकी, देऊळ, टेकडी. प्रत्येकाचे अंतर नकाशावरून काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज सकाळी सात वाजता त्यांतले सर्वांत दूरचे कोणते दिसते ते लिहा. सोबत रात्री आकाश निरभ्र होते की ढगाळ, वारा होता का, दव पडले का, हेही टिपा. जवळ नदी किंवा ओढा असेल तर पुलाच्या खांबावर शिक्षकांनी रंगाने खुणा करून काठावरून पातळी वाचावी. महिनाभराने वही उघडून, धुके पडलेल्या पहाटेच्या आदल्या संध्याकाळी काय काय होते, याची यादी मुलांनाच करू द्या. त्या यादीवरून ती दुसऱ्या दिवसाचा अंदाज सांगू लागतील. तो किती वेळा चुकतो, तेही त्याच वहीत लिहायला सांगा.