वसईची मालिका कोण लिहील?

इंग्लंडमधून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघाले. मराठीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांचा कान पुराणाला सरावलेला होता आणि ते ऐकणे एकाएकी थांबले होते. स्टीफन्स यांनी ती भूक ओळखली आणि प्रवचनांची जाड पोथी रचण्याऐवजी ओवी हाती घेतली. लोक ज्या रूपात ऐकतात, त्या रूपात सांगायचे, हा त्यांचा निर्णय चारशे वर्षांनंतरही मार्गदर्शक आहे. आज ते रूप रात्रीच्या जेवणाच्या वेळी घराघरांत लागणाऱ्या मालिकेचे आहे. मराठी कॅथलिकांच्या वाट्याला मात्र पडद्यावर येते ती थेट प्रक्षेपणातली मिस्सा, धर्मगुरूंचे प्रवचन आणि नाताळच्या बातमीतली रोषणाई. कथेत ख्रिस्ती पात्र आलेच तर बहुधा गळ्यात क्रूस आणि तोंडी मोडके मराठी. वसईतल्या कुपारी कॅथलिक घरांत पिढ्यान्‌पिढ्या सामवेदी बोली बोलली जाते, ती मराठीचीच लेक आहे, हे या पात्रांकडे पाहून कुणाला कळणारही नाही.

आजाऱ्यांना आणि वृद्धांना घरबसल्या मिस्सा पाहता येते, हे मोलाचेच आहे. पण ख्रिस्तप्रसाद पडद्यातून हाती येत नाही. देवळातला विधी देवळातच पूर्ण होतो. टेलिव्हिजनची ताकद वेगळी आहे. अमेरिकेत बिशप फुल्टन शीन १९५२ पासून ‘लाइफ इज वर्थ लिव्हिंग’मध्ये खडू-फळा घेऊन बोलत आणि कॅथलिक नसलेलेही लाखो लोक ऐकत, कारण बोलणे भीती, एकटेपणा, संसार यांबद्दल असे. मदर अँजेलिका यांनी १९८१ मध्ये अलाबामातल्या मठाच्या गॅरेजमधून वाहिनी सुरू केली आणि ती जगभर पोचली. तरीही मला अधिक शिकवणारे उदाहरण इटलीचे वाटते. तिथल्या सरकारी वाहिनीवर २००० साली ‘डॉन मात्तेओ’ सुरू झाली. सायकलवरून फिरणारा धर्मगुरू, उंब्रियातले डोंगरावरचे गाव, बुद्धिबळाच्या पटावर समोर बसणारा पोलीस अधिकारी. धर्मगुरू गुन्ह्याचा उलगडा करतो, पण गुन्हेगारापाशी जाऊन बसतोही. क्षमा म्हणजे काय, याचे व्याख्यान कुणी देत नाही. ती घडताना दिसते. ही मालिका दोन दशकांहून अधिक काळ चालली.

‘इथे एवढा प्रेक्षक कुठे आहे?’ हा आक्षेप ठरलेला आहे. त्यात मोजणीची चूक आहे. खंडोबावरची किंवा बाळूमामांवरची मालिका फक्त त्यांच्या परंपरेतली घरे पाहत नाहीत. चांगली गोष्ट शेजारच्या घरात आपसूक जाते. वसईची वाडी घ्या. सोललेली राजेळी केळी दिवसचे दिवस उन्हात वाळत घातलेली आहेत, त्यांची सुकेळी होणार आहे. मागे विहीर आहे आणि कुंपणाबाहेर बांधकामाला पाणी नेणारा टँकर उभा आहे. एका भावाला वाडी विकायची आहे, दुसऱ्याला राखायची आहे, आणि दोघेही एकाच धर्मगुरूपाशी पापनिवेदन करतात. त्याला सगळे ठाऊक आहे आणि त्यातले काहीही उघड करता येत नाही. पटकथाकाराला यापेक्षा घट्ट पेच कुठे मिळेल? पाण्याचा तो प्रश्न कल्पित नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’च्या लढ्यात त्यासाठीच उतरले होते.

दुसरा आक्षेप धर्मप्रसाराच्या संशयाचा. तो हसण्यावारी नेऊ नये, कारण तो खऱ्या इतिहासातून आला आहे. पोर्तुगीज अमदानीत सक्ती झाली होती. म्हणूनच मालिकेने आमंत्रण देऊ नये, माणसे दाखवावीत, चुकणारी आणि अडखळणारी. चर्चच्या बाजूनेही भीती असते, की डगमगणारा धर्मगुरू दाखवला तर श्रद्धेला तडा जाईल. पण डाग नसलेल्या पात्रावर प्रेक्षक विश्वास ठेवत नाही. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया आधी जपानमधले व्यापारी होते, मग फ्रान्सिस्कन बंधू आणि दुभाषे झाले. १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रूसावर मारले गेले. व्यापार, परकी भाषा, संशयी राज्यकर्ता: मूर्तीत गोठवलेला हा माणूस मालिकेत पुन्हा चालू-बोलू लागेल.

आणि एक माहितीपट-मालिका तर उद्या सुरू करता येईल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. प्रत्येक भागात एक घंटा घ्यावी: ती ओतली कशी, वाहून आणली कशी, आज ती कोण वाजवते. पहिला भाग वाईजवळच्या मेणवलीचा असावा. कृष्णेच्या घाटावरच्या त्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. कॅमेरा त्या कोरीव कामावर स्थिर ठेवावा, आणि दर्शनाला आलेल्या माणसाचा हात टोलाकडे जाईपर्यंत तो हलवू नये.