जाड लांकूड आणि सीएनसी राउटर

गेल्या सालीं घराच्या चौकटीकरितां, वडिलांनीं बांधावर लाविलेल्या सागाची ५० मिलिमीटर जाडीची फळी आम्हीं एका कारखान्यांत नेली. तींतून गणेशपट्टीची कमान कापावयाची होती. कारागिरानें ६ मिलिमीटर व्यासाचें लांब बिट लावून एकदम खोल काप घेतला. धूर निघाला, बिट मोडलें व फळी वायां गेली. सभासद बंधूंस असा तोटा न व्हावा, म्हणून चौकशीअंतीं समजलेली माहिती येथें देत आहें.

हें यंत्र करवतीप्रमाणें लांकूड चिरीत नाहीं. संगणकाच्या आज्ञेनें फिरतें बिट हलवून तें कोरीत जातें. बिट केवळ वरच्या टोकाशीं धरलेलें असतें. जोर तोच असतां बाहेर राहिलेली लांबी दुप्पट केल्यास तें आठपट वांकतें. व्यास निम्मा केल्यास सोळापट. शिवाय खोल चरांत भुसा कोंडून उष्णता वाढते.

यास्तव जाड लांकूड थराथरानें कापावें. कठीण लांकडांत एका फेरीची खोली बिटाच्या व्यासाच्या निम्म्याहून अधिक नसावी. १२ मिलिमीटरच्या बिटानें ५ मिलिमीटरचा थर घेतल्यास ५० मिलिमीटरला दहा फेऱ्या होतात. परंतु खोलींत धीर धरावा म्हणून सरकण्यांत मंदपणा करूं नये. दोन धारांचें बिट मिनिटास १२,००० फेरे घेत असेल व प्रत्येक धारेनें ०.१ मिलिमीटर कीस काढावयाचा असेल, तर वेग मिनिटास २,४०० मिलिमीटर येतो. याहून फार हळू चालविल्यास धार कापण्याऐवजीं घांसते व लांकूड करपतें.

बिटाच्या धारेची लांबी हीहि एक मर्यादाच होय. धार ३२ मिलिमीटर असेल, तर त्याखालीं ५० मिलिमीटर जाडी एका बाजूनें कापूं नये. आकृतीबाहेर मध्यरेषेवर दोन भोकें पाडून त्यांत खुंट्या बसवाव्या, एका बाजूनें २५ मिलिमीटर कापावें, मग त्याच रेषेभोंवतीं फळी उलटून दुसऱ्या बाजूनें २६ मिलिमीटर कापावें. दुसरी आकृति आरशांतल्याप्रमाणें उलटी घ्यावी. शेवटच्या थरांत तीन-चार लहान दुवे न कापतां ठेवावे. नाहींतर सुटलेला तुकडा बिटावर आदळतो. ते दुवे मागाहून हातकरवतीनें तोडावे.

भुसा ओढून घेणारा पंखा व तोंडावर मास्क अवश्य असावा. लांकडाची धूळ कर्करोगास कारण होते, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं प्रसिद्ध केलें आहे.

फळी हवालीं करण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या : बिटाचा व्यास किती, धारेची लांबी किती, आणि फेऱ्या किती. जो कारागीर याचीं उत्तरें आंकड्यांत देईल, त्यासच लांकूड द्यावें. चार फेऱ्यांची मजुरी अधिक पडली तरी चालेल. वडिलांनीं लाविलेलें झाड पुन्हा मिळत नाहीं.