गुणाकार कधी करायचा?

मंडळी, मागच्या वेळी आपण संभाव्यता म्हणजे काय ते पाहिलं. सगळ्या निष्पत्ती सारख्याच शक्य असतील, तर अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती. उत्तर ० ते १ च्या बाहेर जात नाही, कुणाचं १.३ आलं तर परत मोजा. आज 'किंवा' आणि 'आणि' या दोन शब्दांकडे यायचं आहे. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, संख्याशास्त्राचा नव्हे, पण हे शब्द आम्हा तर्कशास्त्रवाल्यांचेही आहेत.

'किंवा'चं लवकर उरकतो. पत्त्यांच्या कॅटमधून एक पान काढलं. ते राजा किंवा राणी असण्याची संभाव्यता ४/५२ अधिक ४/५२. एकच पान राजाही आणि राणीही नसतं, म्हणून सरळ बेरीज. पण बदाम किंवा राजा? तेरा बदाम, चार राजे, आणि बदामचा राजा दोन्हीकडे मोजला गेला. तो एकदा वजा करा: १६/५२.

'आणि'शी मात्र जपून. नाणं आणि फासा एकदम टाकले, तर छापा आणि सहा पडण्याची संभाव्यता १/२ गुणिले १/६, म्हणजे १/१२. नाण्याला फाशाची खबर नसते. आता कॅटमधून लागोपाठ दोन पानं काढा, पहिलं परत न ठेवता. दोन्ही एक्के? पहिल्याची संभाव्यता ४/५२. दुसऱ्याची ४/५२ नव्हे. ५१ पानांत तीनच एक्के उरलेत, म्हणून ३/५१. उत्तर १/२२१. म्हणजे नियम असा: पहिल्या घटनेची संभाव्यता गुणिले, 'पहिली घडली' असं धरून दुसरीची. घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच हे 'धरून' सोडून देता येतं.

ते नको तिथे सोडलं की काय होतं? इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाची एक वकील बाई. तिचं पहिलं तान्हं मूल १९९६ मध्ये गेलं, दुसरं १९९८ मध्ये. तिच्यावर दोन्ही मुलांच्या खुनाचा खटला चालला. एका नामवंत बालरोगतज्ज्ञांनी साक्षीत सांगितलं, की अशा सुस्थितीतल्या, धूम्रपान न करणाऱ्या घरात बाळाच्या आकस्मिक मृत्यूची शक्यता ८५४३ मध्ये एक. मग दोन मृत्यूंची? ८५४३ गुणिले ८५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. १९९९ मध्ये बाईला जन्मठेप झाली.

अहो, पण ही नाणं आणि फासा नव्हेत! एकच आई, एकच बाप, एकच घर. आनुवंशिक दोष असेल, हवेत काही असेल. एक मूल असं गेलं असेल तर दुसऱ्याबाबतची शक्यता तीच राहील, हे कुणी तपासलं होतं? ते नुसतं गृहीत धरलं. इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून हा गुणाकार ग्राह्य नसल्याचं सांगितलं. बाईची सुटका झाली ती २००३ मध्ये. दुसऱ्या मुलाच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीचे निष्कर्ष बचाव पक्षाला दिलेच गेले नव्हते, हे उघड झाल्यावर. २००७ मध्ये ती वारली.

(श्रोत्यांतून प्रश्न: गुणाकार बरोबर असता, तर ती दोषी ठरली असती का?)

छान विचारलंत. नाही. इथे दुसरी चूक आहे, आणि ती आमच्या नैयायिकांना जुनी ओळखीची. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठे आहे? तसंच, 'आई निर्दोष आहे असं धरून दोन मृत्यू होण्याची संभाव्यता' आणि 'दोन मृत्यू झाले असं धरून आई निर्दोष असण्याची संभाव्यता' या दोन वेगळ्या गोष्टी. लॉटरीत कोटीतल्या एकालाच बक्षीस लागतं, म्हणून जिंकणाऱ्याला आपण लबाड म्हणत नाही. आईने दोन तान्ह्या मुलांना मारणं हेही अत्यंत दुर्मीळच. तुलना करायची ती या दोन दुर्मीळ गोष्टींची.

ती कशी करायची, ते बेझच्या नियमाने पुढच्या वेळी. तोवर घरी तीन एक्क्यांचं गणित करून बघा. पान परत ठेवून आणि न ठेवता, दोन्ही.