जुन्या पेटीचा खर्ज

परभणी जिल्ह्यातील एखाद्या जुन्या गावात, मग ते गोदावरीच्या काठी वसलेले असो, दुधनेच्या खोऱ्यातील काळ्या रानात असो किंवा जिंतूरकडच्या डोंगराळ मुलखात असो, देवळातील लाकडी कपाट उघडून पाहिले, तर टाळांच्या जोड्या, गवसणी घातलेला पखवाज आणि वीणा यांच्या सोबतीला एक हार्मोनियम बहुधा आढळतेच. अखंड हरिनाम सप्ताहाच्या सात दिवसांत या पेटीच्या भात्याला क्वचितच विसावा मिळतो, आणि सप्ताहाची सांगता झाली की पुढे कित्येक महिने तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. अतिश्रम आणि उपेक्षा यांच्या अशा आळीपाळीने येणाऱ्या फेऱ्यांत, वैशाखातील चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या उष्म्याने आकसलेले आणि श्रावणातील ओलीने फुगलेले तिचे लाकूड, उंदरांनी कुरतडलेले कातडे आणि कसरीने खाल्लेली बनात यांचा परिणाम एकत्र होऊन एके दिवशी तिचा खर्ज बोलेनासा होतो. मग गावकरी जमतात, वर्गणीची बोलणी होतात, आणि जुनी पेटी मोडीत काढून नवी घ्यावी असा ठराव बहुधा एकमताने संमत होतो. माझे म्हणणे एवढेच आहे की हा ठराव होण्यापूर्वी ती पेटी एकदा जाणत्या माणसाकडून उघडवून घ्यावी. कारण खर्ज मुका होण्याची कारणे पुष्कळ असतात, आणि त्यांतील बहुतेक उपायसाध्य असतात.

हे वाद्य मूळचे परके. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें याने १८४० च्या दशकात हार्मोनियमचे एकस्व घेतले, तेव्हा ते पायांनी भाता चालवून खुर्चीवर बसून वाजवावयाचे वाद्य होते. जमिनीवर बैठक मारून गाणाऱ्या आपल्या लोकांना ते सोयीचे नव्हते. ती सोय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास केली आणि एका हाताने भाता मारून दुसऱ्या हाताने वाजवता येईल अशी पेटी बाजारात आली. महाराष्ट्रात तिला प्रतिष्ठा मिळाली ती संगीत रंगभूमीवर. ‘मानापमान’ला चाली देणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीला साथीच्या जागेवरून उठवून स्वतंत्र वादनाच्या आसनावर बसवले, आणि पुढे आमच्या मराठवाड्यातून, शेजारच्या जालन्याहून, आप्पा जळगावकरांसारखा वादक निघाला, ज्याची साथ मिळावी म्हणून थोर गवई आतुर असत. नाटकातून ती कीर्तनात आली आणि कीर्तनातून भजनात. निजामाच्या अमदानीत विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून परभणीवरून हैदराबादकडे लोहमार्ग निघाल्यानंतर मुंबई आणि हैदराबाद या दोन्ही बाजारपेठा आमच्या जिल्ह्याला जोडल्या गेल्या; त्यामुळे इथल्या एखाद्या पेटीवर कोणत्या दुकानाची पितळी पट्टी निघेल, याचा अंदाज बाहेरून बांधता येत नाही. पेटीचे कूळ सांगणारा खरा दस्तऐवज तिच्या पोटात असतो.

तो दस्तऐवज म्हणजे तिचे सूर. पितळेच्या एका चपट्या तुकड्याला लांबट खाच पाडलेली असते, आणि त्या खाचेवर पितळेचीच एक पातळ जीभ एका टोकाला रिव्हेटने जखडलेली असते. पट्टी दाबली की मागची झडप उचलली जाते, भात्याने कोंडलेली हवा त्या खाचेतून वाट काढते, आणि जीभ खाचेच्या आतबाहेर कंप पावून नाद निर्माण करते. जीभ आखूड आणि जाड असेल तर स्वर चढा. लांब आणि पातळ असेल तर उतरता. चांगल्या पेटीत एकेका पट्टीमागे असे तीन सूर असतात. मधल्याला नर म्हणतात, त्याहून एक सप्तक वरच्याला मादी आणि एक सप्तक खालच्याला खर्ज. खर्जाची जीभ सर्वांत मोठी असते आणि तिची गती मंद करण्यासाठी टोकाशी धातूचा थेंब चढवून तिला जडही केलेली असते. वारकरी भजनाचा चढा घोष, टाळांचा कल्लोळ आणि पखवाजाची थाप यांच्या खालून जो एक गंभीर आधार गाणाऱ्याला सतत मिळत राहतो, तो या अवजड जिभांनी दिलेला असतो. म्हणूनच पेटीचा खर्ज गेला की, नेमके काय गेले हे न उमगताही, गाणाऱ्याला निराधार झाल्यासारखे वाटते.

आता या अवजड जिभेला हलवावयास हवाही अधिक लागते, आणि दुरुस्तीच्या विचाराला येथूनच आरंभ केला पाहिजे. भात्याच्या घड्यांत एखादी चीर पडली असली, आतल्या भात्याची स्प्रिंग थकली असली किंवा झडपांखालचे कातडे वाळून कडक झाले असले, तर दाब कमी पडतो; मादी बोलते, नर कसाबसा बोलतो आणि खर्ज गप्प राहतो. सुरांना हात लावण्याचे अशा वेळी काहीच प्रयोजन नसते. भाता पूर्ण भरावा, एकही पट्टी न दाबता तो आपोआप किती वेगाने बसतो ते पाहावे. झपाट्याने बसला तर गळती आहे असे निश्चित समजावे. नंतर सुरांची फळी स्क्रू काढून सावकाश बाहेर घ्यावी. पुष्कळदा खर्जाच्या खाचेत बुक्क्याचा कण, बारीक केस किंवा झुरळाचे अवशेष अडकलेले असतात, आणि कोऱ्या कागदाची पातळ पट्टी जिभेखालून अलगद फिरवली की बरीच वर्षे मुका असलेला सूर बोलू लागतो. जिभेचे टोक खाचेपासून किती उचललेले आहे, हेही याच वेळी बघावे: ते फार उचललेले असेल तर सूर उशिरा बोलतो, आणि अगदी टेकलेले असेल तर जोराचा भाता मारताच घुसमटतो.

जेथे जीभ खरोखरच तुटलेली असते, तेथे मामला अधिक नाजूक होतो. पितळ वर्षानुवर्षे कंप पावून रिव्हेटजवळ थकते, तेथे केसाएवढी भेग पडते, आणि भेग पडलेला सूर तुटण्याआधी उतरू लागतो. ही पूर्वसूचना ज्याला कळली नाही, तो उतरलेला सूर टोकाकडे खरवडून पुन्हा चढवतो आणि आधीच दुबळी झालेली जीभ आणखी दुबळी करून ठेवतो. स्वर लावण्याचा सर्वसाधारण नियम असा की टोकाकडे घासले तर स्वर चढतो आणि मुळाकडे घासले तर उतरतो; परंतु घासलेले पितळ परत येत नाही, म्हणून कानसीचा हात जितका आवरता तितका कारागीर मोठा.

एक-दोन सूर तुटले की बाजारातील सरसकट सल्ला मिळतो तो सगळी फळीच बदलून नवे सूर बसवण्याचा. हा सल्ला नेहमी लबाडीचा असतो असे मी म्हणणार नाही, कारण जुळणारा एकच सूर शोधून बसवण्याला जे श्रम पडतात त्यांचे दाम देण्याची गिऱ्हाइकाची तयारी क्वचित असते. परंतु जुन्या पेटीत पॅरिसच्या कास्रिएल कारखान्याचे किंवा जर्मनीच्या ‘ज्युबिलेट’ छापाचे सूर असतील, तर ते काढून टाकणे म्हणजे पेटीचा आवाजच काढून टाकणे होय, आणि मागे राहते ते केवळ सागवानी खोके. पाश्चात्त्य देशांतील वाद्यप्रेमी याबाबतीत आपल्याहून दक्ष आहेत. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या कारखान्याने १९५१ साली बाजारात आणलेल्या बास गिटारसारखे, खर्जाचेच काम करणारे वाद्य घ्या: त्याची जुनी प्रत विकत घेताना जाणकार रंगसुद्धा मूळचा आहे की नंतर दिलेला आहे हे तपासतात, मोडलेला भाग बदलावयाचा तर त्याच काळातील दुसऱ्या मोडक्या वाद्याचा भाग धुंडाळतात, आणि नव्याने रंगवलेल्या प्रतीची किंमत पुष्कळ उतरते. तितका आग्रह देवळातील पेटीबद्दल धरण्याचे कारण नाही, कारण ती रोज वाजावयाची आहे. पण मूळचे जे चालण्यासारखे आहे ते चालू द्यावे, हे तत्त्व तिलाही लागू पडते.

मग तुटलेला सूर आणावा कोठून? एक मार्ग गुजरातमधील पालिताण्याचा. शत्रुंजयाच्या पायथ्याचे हे जैन तीर्थ सुरांच्या कारागिरीसाठीही नावाजलेले आहे, आणि तेथील सूर मुंबई-पुण्याच्या वाद्यविक्रेत्यांकडून मिळवता येतात. दुसरा मार्ग मोडीत निघालेल्या पेट्यांचा. जुन्या कारागिराच्या दुकानात माळ्यावर अशा पेट्यांच्या सुरांचे डबे पडलेले असतात, आणि माझ्या मते विलायती सुरांच्या पेटीसाठी पहिला शोध तेथेच घ्यावा. एका गावाने टाकून दिलेल्या पेटीच्या सुरांवर दुसऱ्या गावाची पेटी आणखी एक पिढी काढू शकते. मागणी करताना मात्र ‘खर्जाचा सा पाहिजे’ एवढे सांगून भागत नाही, कारण प्रत्येकाचा सा निराळा. तुटलेला सूर त्याच्या पितळी तुकड्यासह जपून ठेवावा, तुकड्याची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून घ्यावी, तो कोणत्या पट्टीचा आहे, म्हणजे काळी एक की पांढरी चार, हे लिहावे, आणि शक्य तर त्याच्या शेजारचा चांगला सूरही नमुन्यादाखल सोबत द्यावा, म्हणजे नव्या सुराची जात त्याच्याशी ताडून पाहता येते.

आणि तरीही बसवलेला सूर इतरांत मिसळत नाही, असा अनुभव येतो. याचे एक कारण ऐतिहासिक आहे. फ्रान्सच्या सरकारने १८५९ साली फर्मान काढून मध्य सप्तकातील पांढरी सहा सेकंदाला ४३५ कंपनांची ठरवली होती; १९३९ साली लंडनच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मान ४४० ठरले. दोहोंतील अंतर आपल्या प्रमाणश्रुतीहून किंचितच कमी भरते. म्हणजे जुन्या फ्रेंच मानावर लावलेल्या पेटीत आजच्या मानाचा एकच सूर बसवला, तर तो शुद्ध असूनही बेसूर ठरतो. अशा वेळी मोबाइलमधील यंत्राच्या काट्याला प्रमाण मानून उरलेले सगळे सूर खरवडत बसणारा कारागीर पेटीचे कायमचे नुकसान करतो. नव्याने जुन्यांशी जुळवून घ्यावयाचे असते. दोन सूर एकत्र वाजवले आणि त्यांत सेकंदाला एका कंपनाचा फरक असला तर नादात सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. तो हेलकावा लांबत लांबत नाहीसा झाला की सूर मिळाले. ही परीक्षा कानानेच करावयाची असते, आणि खर्जाच्या बाबतीत ती विशेष चिवट असते, कारण खालच्या सप्तकात हेलकावे मंद होतात व घाईच्या कानाला ते उमगत नाहीत.

पेटीच्या स्वरांविषयी आक्षेप होते आणि आहेत. तिला मींड येत नाही, तिचे ठरीव स्वर आपल्या रागांतील श्रुतींशी पूर्णपणे जुळत नाहीत, ही तक्रार इतकी प्रबळ झाली की १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. शास्त्राच्या दृष्टीने तो आक्षेप निराधार नव्हता. पण त्या तीस वर्षांत गावोगावच्या भजनांतून पेटी हटली नाही. गावोगावच्या सप्ताहांत किंवा गंगाखेडला, संत जनाबाईंच्या गावातील कीर्तनात तिची पाठराखण चालूच राहिली. ज्या वाद्याने शेतात राबून आलेल्या माणसाला स्वरात उभे राहावयास शिकवले, त्याची निगा राखणे हे मला संगीताच्या सेवेचेच काम वाटते.

उरलेल्या दुरुस्तीत सामग्रीची निवड महत्त्वाची. जुन्या पेट्यांचे जोड सरसाचे असतात. ऊब आणि ओलावा दिला की ते सुटतात, म्हणून पुढच्या पिढीलाही ती पेटी उघडता येते. घाईने ओतलेल्या आधुनिक चिकटद्रव्याचा जोड पुढे लाकूड फोडल्यावाचून उघडत नाही. झडपांचे कातडे मऊ आणि एकसारख्या जाडीचे असावे, आणि ते एकदम सगळ्यांचे बदलावे. निम्मे जुने व निम्मे नवे ठेवले तर पट्ट्या खालीवर दिसतात. पॉलिशबद्दल मात्र मला आग्रहाने सांगावयाचे आहे. या पेट्यांच्या झाकणावर देणगीदाराचे नाव आणि साल रंगवलेले किंवा कोरलेले असते, कोणा मातेच्या स्मरणार्थ ती अर्पण केलेली असते, आणि काचकागद फिरवणारा हात ते सारे काही मिनिटांत पुसून टाकतो. पेटी दुकानात देतानाच ही अक्षरे राखण्याची ताकीद लेखी द्यावी.

पाठवणीविषयी थोडे. संपूर्ण पेटी एसटीच्या टपावरून किंवा मालवाहू गाडीतून पाठवण्यापेक्षा, भाता शाबूत असेल तर केवळ सुरांची फळी सोबत न्यावी; ती पिशवीत मावते. फळीवर प्रत्येक सुराची जागा पेन्सिलीने आधी क्रमांकित करावी आणि वरून कागद बांधावा, बोटांचा घाम पितळेला लागू देऊ नये. पेटी परत आली की ती लगेच सप्ताहाला लावू नये. नवी जीभ वाजून वाजून थोडी उतरते, कातडे बसते, आणि पहिल्या पावसाळ्याने लाकूड हलते. म्हणून मजुरी ठरवतानाच दिवाळीनंतरच्या एका फेर जुळणीची अट घालून घ्यावी, आणि तोवर रोज तासभर कोणीतरी, मग ते शाळेतील पोर का असेना, खर्ज उघडून ती वाजवीत राहावे.