हिशेबनिसाचे शिक्षण कोठे थांबते?

१८७०-७१ च्या दुष्काळात बागलाणचे मामलेदार यशवंतराव भोसेकर यांनी सरकारी खजिन्यातील १ लाख २७ हजार रुपये भुकेल्या रयतेला वाटून टाकले आणि पुढे तपासणी झाली तेव्हा खजिन्यातील शिल्लक वहीशी जुळली, ही कथा सटाण्यात घरोघर सांगितली जाते. देवमामलेदारांचे मंदिर त्याच श्रद्धेवर उभे आहे. श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे ठेवला, तरी खजिना आणि वही यांचा मेळ बसलाच पाहिजे ही अपेक्षा त्या कथेतही गृहीत आहे. आजच्या हिशेबनिसाला मात्र हा मेळ चमत्कारावाचून घालावा लागतो, आणि ज्या नियमांनी तो घालायचा ते नियमच सतत बदलत असतात.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १ जानेवारी २०२२ पासून विक्रेत्याने आपल्या विवरणपत्रात बीजक दाखविले असेल तरच खरेदीदाराला त्या कराची वजावट मिळू लागली. म्हणजे खतांच्या दुकानदाराचा हिशेब दूरच्या पुरवठादाराच्या दक्षतेवर अवलंबून राहिला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी कराचे दर बदलले. आणि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्याने, १ एप्रिल २०२६ या अंमलाच्या तारखेसह, कलमांचे क्रमांकच पालटले. उगमस्थानी करकपातीची १९४ च्या मालिकेतील जी कलमे दिवाणजींना तोंडपाठ होती, ती आता ३९३ व्या कलमात एकवटली आहेत.

सनदी लेखापालांनी या अस्थिरतेवर आपल्यापुरता उपाय योजला आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेने व्यवसाय करणाऱ्या सभासदांवर निरंतर शिक्षणाचे बंधन घातले. साठीच्या आतील सभासदासाठी २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत ते १२० तासांचे होते आणि त्यांतील निम्मे तास नियोजित कार्यक्रमांचे असावे लागत. तास भरले म्हणजे ज्ञान आले असे नव्हे, हे कोणताही शिक्षक सांगेल. तरीही परीक्षा उत्तीर्ण होणे हा शिक्षणाचा शेवट नव्हे, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे.

प्रश्न आहे तो या बंधनाच्या बाहेर असलेल्यांचा. सटाण्याच्या पेठेत रोजची कीर्द सनदी लेखापाल लिहीत नाही. ती लिहितो अडतदुकानातील दिवाणजी, पतसंस्थेतील लेखनिक किंवा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन संगणकावर नोंदी करणारा तरुण. लेखापालासमोर वर्षाअखेरीस येते ते याच हातांनी आधी घडविलेले असते. पाया घालणाऱ्याला नवे काही शिकविण्याची सोय नाही आणि शिखर बांधणाऱ्याला मात्र १२० तास, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे.

या अज्ञानाची किंमत कशी मोजावी लागते ते बाजार समितीच्या एका उदाहरणावरून दिसेल. १ सप्टेंबर २०१९ पासून वर्षाला एक कोटीपेक्षा अधिक रोकड बँकेतून काढल्यास वरच्या रकमेवर २ टक्के करकपात सुरू झाली. कांद्याचा व्यापारी शेतकऱ्याला रोखीने पैसे देत असेल, तर ही मर्यादा हंगामात सहज ओलांडली जाते. त्याच महिन्याच्या २० तारखेला सरकारने बाजार समितीत व्यवहार करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यांना व अडत्यांना या कपातीतून सूट दिली. अट इतकीच, की ही रोकड शेतकऱ्यांचे पैसे चुकविण्यासाठी आहे असे आपल्या पॅन व खाते क्रमांकासह बँकेला लिहून द्यावे. एका पानाचे काम. पण ते ठाऊक असावे लागते. ठाऊक नसेल तर एक कोटीच्या वरच्या दर कोटीमागे दोन लाख रुपये कापले जातात. ही रक्कम बुडत नाही, देय करात वळती होते किंवा विवरणपत्र भरल्यानंतर परत मिळते. परंतु ऐन हंगामात खेळते भांडवल अडकले, की त्याची झळ शेवटी शेतकऱ्याच्या चुकवतीपर्यंत पोहोचते.

सहकारी संस्थांबाबत कायदा निदान बोलतो तरी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१३ च्या दुरुस्तीने आलेले २४-अ हे कलम सदस्य, पदाधिकारी व सेवक यांच्या शिक्षण-प्रशिक्षणाची जबाबदारी संस्थेवर टाकते. खासगी पेढीतल्या नोकरासाठी तेवढाही आधार नाही. त्यातून बहुतेक परिपत्रके इंग्रजीत, अभ्यासवर्ग नाशिकला, आणि नाशिक सटाण्याहून सुमारे ९० किलोमीटर. दुकान सोडून एवढ्या दूर जायला मालक रजा देणार नाही, आणि त्यात मालकाची सर्वस्वी चूक आहे असेही नाही.

सटाण्यात वाणिज्य शाखेचे महाविद्यालय आहे, संध्याकाळी तेथील वर्ग मोकळे असू शकतात, आणि शहरात सनदी लेखापाल व करसल्लागारही आहेत. महिन्यातून दोन संध्याकाळी, मराठीतून, प्रत्यक्ष कीर्द आणि बीजके पुढे ठेवून वर्ग घेण्यास फार मोठा खर्च येणार नाही. तो बाजार समिती, पतसंस्था आणि व्यापारी यांनी मिळून उचलणे न्याय्य ठरेल, कारण चुकांचा भुर्दंड आजही तेच भरतात. प्रमाणपत्राचा सोहळा नसला तरी चालेल. वेळ मात्र नीट निवडावी लागेल: दरमहा ११ आणि २० या वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांच्या तारखा असल्याने, दिवाणजीला मान वर करायला सवड मिळते ती महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातच.